बीड मुलुखातील इंग्रजीचा धडा

मोडी दफ्तराशी ज्यांचा थोडाबहुत परिचय आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको, की त्या लेखनात कारकुनाची लेखणी कागदावरून शक्य तितकी कमी उचलली जात असे. आधी रेघ ओढावी, मग त्या रेघेला अक्षरे टांगीत जावे, एक शब्द कोठे संपला व दुसरा कोठे सुरू झाला याचा निर्णय वाचणाऱ्याच्या सरावावर सोपवावा, आणि वाक्य संपल्याची टिंबासारखी एखादी खूण न करता 'सबब', 'तरी', 'ऐशास', 'कळावे' अशा ठरीव शब्दांनीच विचाराचे सांधे जुळवावेत, अशी ती रीत होती. मात्र त्या अखंड प्रवाहालाही एक बांध होता, आणि तो बांध म्हणजे कलम. तह असो, जमाबंदी असो, की भाऊबंदांची वाटणी असो, मजकूर लांबला की त्याची कलमे पाडली जात. एका कलमात एक बाब, दुसऱ्या कलमात दुसरी, आणि पहिल्या बाबीचा निकाल लागल्यावाचून दुसरीचा उल्लेख नाही, हा दंडक गावच्या कुळकर्ण्यापासून हुजूर दफ्तरापर्यंत सर्वांना ठाऊक होता. बीड, गेवराई, माजलगाव, धारूर, केज, आष्टी, पाटोदा या मुलुखात इंग्रजीचा धडा पोहोचण्यापूर्वी कित्येक पिढ्या विचाराचे तुकडे पाडून ते क्रमाने मांडण्याची ही विद्या नांदत होती. पण ती सरकारी कामाची विद्या होती, शाळेची नव्हती, आणि ती इंग्रजी शिकणाऱ्या मुलाच्या उपयोगी कोणी आणून दिली नाही. या जिल्ह्यातील विद्यार्थी इंग्रजीचे एकेक वाक्य नियमानुसार लिहून दाखवितो आणि तीच दहा वाक्ये एकत्र गुंफून एक सुसंगत परिच्छेद लिहिण्याची वेळ आली की अडखळतो, याचे कारण त्याच्या बुद्धीत शोधणाऱ्यांनी ते आधी या इतिहासात शोधावे, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

परिच्छेद ही वस्तू इंग्रजांच्या घरीही फार जुनी आहे असे समजण्याचे कारण नाही. परिच्छेद पाडून छापण्याचा प्रघात जुना खरा. परंतु परिच्छेद कसा असावा, त्याच्या आरंभीच्या वाक्याने विषयाची सूचना कशी द्यावी, मध्येच सांधा निखळू न देता प्रत्येक वाक्याचा मागील वाक्याशी असलेला संबंध कसा स्पष्ट ठेवावा, आणि गौण गोष्ट मुख्य गोष्टीच्या अंकित कशी ठेवावी, याचे रीतसर नियम अॅबर्डीनच्या अलेक्झांडर बेन या प्राध्यापकाने १८६६ साली आपल्या रचनाशास्त्रावरील ग्रंथात प्रथम घालून दिले. म्हणजे मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले तेव्हा इंग्रजी परिच्छेदाचे हे शास्त्र अजून लिहिले जावयाचे होते! आणि ज्या १८६५ साली हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी जिल्हाबंदी करून निजामाचा मुलूख जिल्ह्यांत आणि तालुक्यांत नव्याने आखावयास घेतला, त्याच्या दुसऱ्याच वर्षी तिकडे स्कॉटलंडात गद्याची ही आखणी झाली. आपल्याकडील मीमांसकांनी मात्र याच प्रश्नाचा विचार फार पूर्वी केलेला होता. वाक्याचा अर्थ लागावयाचा तर पदांमध्ये आकांक्षा, योग्यता आणि संनिधी असली पाहिजे, आणि प्रकरणाचे तात्पर्य ठरवावयाचे तर उपक्रम व उपसंहार यांचा मेळ बसला पाहिजे, असे जे त्यांनी सांगितले, त्यात वाक्याचा आणि परिच्छेदाचा धर्म एकाच ठिकाणी आला आहे. एका वाक्याने मनात उत्पन्न केलेली आकांक्षा पुढच्या वाक्याने पुरवावी आणि पुरविताना नवी आकांक्षा निर्माण करावी, याहून परिच्छेदाची अधिक नेमकी व्याख्या मला कोठे आढळलेली नाही. मराठीतील 'एकवाक्यता' हा रोजच्या वापरातील शब्द त्याच शास्त्रातून आलेला आहे.

आता बीडच्या मुलाकडे इंग्रजी कोणत्या वाटेने आली ते पाहू. पुण्या-मुंबईच्या मुलास मराठीच्या उंबरठ्यावरून थेट इंग्रजीच्या ओसरीत पाऊल टाकता येई. बीडच्या मुलाला मध्ये आणखी एक वाडा ओलांडावा लागे. निजामशाहीत दरबारची भाषा आधी फारसी होती, आणि १८८४च्या सुमारास तिची जागा उर्दूने घेतली. तालुकदार, तहसीलदार, पेशकार, गिरदावर, अमीन या अंमलदारांच्या कचेऱ्यांतील कागद उर्दूत, अदालतीतील कैफियत उर्दूत, आणि प्राथमिक इयत्ता ओलांडल्या की शाळेतील गणित, भूगोल व इतिहासही उर्दूत. शाळांची नावेसुद्धा त्याच घाटाची होती : तहतानिया म्हणजे खालची, वस्तानिया म्हणजे मधली आणि फोकानिया म्हणजे वरची, शिक्षक मुदर्रिस, मुख्याध्यापक सदर मुदर्रिस, आणि तपासणीस येणारा अधिकारी मोहतमीम तालीमात. या जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर इंग्रजी उभी होती. १९१७ साली मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठाचा पाया घातला गेला. सर्व उच्च शिक्षण एका भारतीय भाषेतून, म्हणजे उर्दूतून, देण्याचे फार मोठे धाडस या विद्यापीठाने केले, त्यासाठी दारुल तर्जुमा हे भाषांतराचे खातेच उभारले, आणि तरीही प्रत्येक विद्यार्थ्यास इंग्रजी भाषा हा विषय सक्तीचा ठेवला. हे धोरण उर्दूभाषकांच्या दृष्टीने उदारच म्हटले पाहिजे. पण ज्याची आई चुलीपुढे मराठी बोलत होती त्या मुलास इंग्रजी शिकावयाची ती अशा भाषेच्या द्वारे, जी त्याने स्वतः नुकतीच शिकावयास घेतलेली असे, ही त्या उदारतेची दुसरी बाजू होती. आणि मराठवाड्यातील सुशिक्षित लोकांच्या मनात हे शल्य कायम राहिले.

या व्यवस्थेत व्याकरण कसे शिकविले जात होते ते पाहण्यासारखे आहे. बालबोध मराठी शाळेत त्याने कर्ता, कर्म, क्रियापद हे शब्द ऐकलेले. वरच्या शाळेत तेच फाइल, मफऊल आणि फेल होऊन येत. आणि इंग्रजीच्या तासाला सब्जेक्ट, ऑब्जेक्ट व व्हर्ब म्हणून त्यांची तिसऱ्यांदा ओळख होई. भूतकाळ म्हणजे माझी, वर्तमानकाळ म्हणजे हाल, भविष्यकाळ म्हणजे मुस्तक्बिल. कर्तरी प्रयोग तो मारूफ आणि कर्मणी तो मजहूल. नामास इस्म, विशेषणास सिफत. एका वस्तूची अशी तीन तीन नावे पाठ करण्यात मुलाचा किती काळ जात असेल याची कल्पनाच केलेली बरी! परंतु या गोष्टीचा एक लाभही होता, आणि तो नाकारणे अन्यायाचे होईल. मराठीत आपण 'मुलाने भाकर खाल्ली' म्हणतो, म्हणजे क्रियापद मुलाकडे न पाहता भाकरीकडे पाहते. उर्दूतही 'लडके ने रोटी खाई' असाच प्रकार. दोन्ही भाषांत भूतकाळात 'ने' येतो आणि क्रियापद कर्माच्या लिंगवचनास बांधले जाते. इंग्रजीत यातले काहीच नाही. तेथे कर्ता आपल्या जागी, क्रियापद त्याच्या मागोमाग, आणि भाकर स्त्रीलिंगी की पुल्लिंगी याची चौकशी कोणी करीत नाही. दोन भाषांतून एकच खोड पाहिलेल्या मुलाला तिसरी भाषा त्या खोडीपासून मुक्त आहे हे चटकन् लक्षात येण्याचा संभव अधिक असतो. तसेच इंग्रजीच्या 'द' या उपपदाचे. मराठीत त्याला जोडीदार नाही, उर्दूत नाही. पण मौलवीसाहेबांकडे ज्याने अरबीचा 'अल' पाहिला होता, त्याला नामाच्या डोक्यावर असे एखादे चिन्ह बसू शकते ही गोष्ट तरी अपरिचित नव्हती. भाषा शिकणाऱ्याने ओलांडलेला कोणताही वाडा सर्वस्वी वाया जात नाही.

मात्र या सगळ्या शिक्षणाचा मुक्काम वाक्यापाशी होता. वाक्य फोडावे, त्यातील पदे ओळखावीत, मारूफाचे मजहूल करावे, आणि पुन्हा जोडावे. इंग्रजी अमलातील महाराष्ट्रातही प्रकार फारसा निराळा नव्हता, फक्त तेथे त्याला मराठीचा आधार होता. थॉमस कँडी या मेजरसाहेबांनी मोल्सवर्थ यांच्या कोशकार्यात हातभार लावला, आणि १८५० साली विरामचिन्हांवर स्वतंत्र पुस्तक लिहून स्वल्पविराम, अर्धविराम व पूर्णविराम ही चिन्हे छापील मराठीत रुजविली. जेथे 'कळावे' हा शब्द वाक्याचा शेवट सांगत होता तेथे आता एक टिंब ते काम करू लागले. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली मराठी भाषेचे व्याकरण छापले, आणि त्याची मांडणी करताना संस्कृताइतकीच इंग्रजी व्याकरणाचीही चौकट त्यांच्या दृष्टीपुढे होती. पुढे आगरकरांनी १८८८ साली 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण' हे पुस्तक लिहिले. समाजसुधारणेसाठी प्राण पणाला लावणारा तो पुरुष उद्देश्य आणि विधेय यांचा इतक्या निगुतीने विचार करतो, हे पाहून आजही मन भरून येते. इंग्रजी शाळांतील वाक्यपृथक्करणाचा पाठ त्यांनी मराठीच्या अंगणात आणून लावला. परंतु या परंपरेतसुद्धा वाक्याच्या पलीकडचा प्रदेश ज्याने खऱ्या अर्थाने जिंकला तो व्याकरणकार नव्हता, निबंधकार होता. १८७४ पासून निघालेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निबंधमालेत इंग्रजी गद्यातील परिच्छेदाची शिस्त मराठीने प्रथम अंगी बाणविली, आणि ती नियम पाठ करून नव्हे तर महिन्यामागून महिना लिहीत राहून.

बीडच्या पश्चिमेस नगर आणि धाराशिवच्या पलीकडे सोलापूर हे इंग्रजी अमलातील जिल्हे. मराठवाड्यातील ज्या घरांना ऐपत होती ती आपली मुले तिकडे किंवा पुण्यास शिकावयास धाडीत, आणि त्या बाजूच्या शाळांत जे पुस्तक मुलांच्या हातात दिसे ते म्हणजे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. हे तर्खडकर व्याकरणकार दादोबा नव्हेत. दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थनासमाजाचे एक संस्थापक. त्यांच्या घरी १८७८ साली सतरा वर्षांचे रवींद्रनाथ ठाकूर, विलायतेस जाण्यापूर्वी इंग्रजी बोलण्याचा सराव व्हावा म्हणून, येऊन राहिले होते, आणि आत्मारामपंतांच्या कन्या अन्नपूर्णा यांच्याकडे त्यांनी तो सराव केला. इंग्रजी शिकविण्याचा असा वारसा ज्या आडनावाशी जोडलेला होता त्या नावाची पाठमाला निघावी यात नवल नाही. तिची पद्धती सरळ होती : थोडे शब्द, एक नियम, मग मराठी वाक्यांची रांग, त्यांची इंग्रजी करावयाची, पुढे इंग्रजी वाक्यांची रांग, त्यांची मराठी करावयाची. प्रत्येक धडा आधीच्या धड्याच्या खांद्यावर उभा, आणि कोठेही उडी नाही. गुरू नसलेल्या गावात, कंदिलाच्या उजेडात, एकट्याने बसून जर कोणी इंग्रजी शिकला असेल तर तो या पुस्तकावर शिकला, इतके त्याचे उपकार मोठे आहेत. परंतु या पुस्तकाचा जो प्राण तोच त्याचा बंध. पहिल्या वाक्यात राजा, दुसऱ्यात माळी, तिसऱ्यात घोडा. तीनही वाक्ये निर्दोष, आणि एकमेकांस अनोळखी. दोन वर्षे अशा रांगेतून चाललेल्या मुलाच्या मनात इंग्रजी म्हणजे सुट्या वाक्यांची मोळी अशी समजूत घट्ट बसत असे. पुढे रेन आणि मार्टिन यांचे जाडजूड व्याकरण आले. त्यातील रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीस होते आणि त्यांनी 'बो जेस्ट' नावाची गाजलेली कादंबरीही लिहिली. त्यांच्या पुस्तकात निबंध व परिच्छेद यांना स्वतंत्र विभाग आहे. पण पुस्तकाच्या शेवटी असलेला तो भाग वर्षअखेरीच्या घाईत किती वर्गांत उघडला जात असेल, हे शिक्षकांनीच सांगावे.

खुद्द बीड जिल्ह्यात मराठी मुलांच्या शिक्षणाचे जे मोठे स्थान निर्माण झाले ते अंबाजोगाईस, त्या काळच्या सरकारी नावाने मोमिनाबादेस. मुकुंदराजांच्या समाधीमुळे आणि दासोपंतांच्या पासोडीमुळे या गावाला मराठी वाङ्मयात आद्यपण लाभलेले. एका लांबलचक कापडावर पंचीकरणाचा अवघड विषय लिहून काढणाऱ्या दासोपंतांना, एवढ्या विस्तारात वाचकाची दृष्टी हरवू नये म्हणून मजकुराची मांडणी कशी करावी याची चिंता पडली असेलच. परिच्छेदाचा प्रश्न या गावाने वस्त्रावर सोडविलेला आहे असे मी म्हणतो ते याच अर्थाने. याच गावात पुढे हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या घोडदळाची छावणी पडली आणि जिल्ह्याच्या कानावर इंग्रजी प्रथम आली ती बहुधा कवायतीच्या हुकमांच्या रूपाने. या पार्श्वभूमीवर योगेश्वरी नूतन विद्यालय चालले. खासगी शाळांना सरकारी परवानगीचा जाच होता, मराठीतून शिकविणाऱ्या संस्थेकडे अंमलदार संशयाने पाहत, आणि अशा वेळी, १९३५च्या सुमारास, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून स्वामी रामानंद तीर्थ येथे मुख्याध्यापक म्हणून आले. सिंदगीसारख्या कानडी मुलुखात जन्मलेला हा संन्यासी मराठीतून शाळा चालवीत होता, उर्दू दरबाराशी झुंजणार होता, आणि हैदराबाद मुक्तिलढ्याच्या आपल्या आठवणी पुढे त्याने इंग्रजीत लिहिल्या. एका माणसाच्या ठायी इतक्या भाषा कामाच्या म्हणून एकत्र आल्या होत्या, शोभेच्या म्हणून नव्हे. १९३८ साली ते अध्यापन सोडून चळवळीत गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस वंदे मातरम् गाण्यावरून उस्मानिया विद्यापीठातून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले, आणि त्यांपैकी पुष्कळजण नागपूर विद्यापीठाच्या आश्रयास गेले. उर्दूतून शास्त्रे शिकलेल्या त्या तरुणांना तेथे इंग्रजीतून उत्तरे लिहावयाची होती. वाक्याचे नियम त्यांना येत होते; पण एका प्रश्नाचे दोन पाने उत्तर सलग, मुद्द्याला धरून, परक्या भाषेत लिहिणे ही परीक्षा त्यांच्यापुढे ऐन उमेदीत, घरापासून दूर, अन्नवस्त्राच्या विवंचनेत उभी राहिली. मुक्तिलढ्याच्या इतिहासात त्यांच्या त्यागाची नोंद आहे; या परिश्रमाची कोठे दिसत नाही.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर काळ पालटला. मराठी शाळेत सन्मानाने परत आली, उस्मानियात उर्दूच्या जागी इंग्रजी बसली, १९५६च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. अंबाजोगाईस योगेश्वरी महाविद्यालय, बीडला बलभीम महाविद्यालय निघाले, औरंगाबादेस २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. इंग्रजीच्या बाबतीत मात्र सरकारचे मन दोलायमान होते. मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांच्या कारकिर्दीत ती खालच्या इयत्तांतून काढून आठवीवर नेण्यात आली होती. पुढे ती पाचवीत उतरली, आणि २००० साली पहिलीत. पद्धतीही बदलली. हैदराबादेस १९५८ साली केंद्रीय इंग्रजी संस्था निघाली, रचनापद्धतीचा पुरस्कार सुरू झाला, आणि भाषांतराला वर्गातून रजा देऊन ठरावीक साच्यांची वाक्ये मुलांकडून वदवून घेण्यात येऊ लागली. 'धिस इज अ पेन' या वाक्याने एका पिढीच्या इंग्रजीचा प्रारंभ झाला तो याच काळात. पद्धती नवी असली तरी तिचाही घटक वाक्यच होता, आणि परिच्छेदाचा प्रांत पुन्हा एकदा ओसाड राहिला. प्रश्नपत्रिकेत परिच्छेद येई. म्हणून तो पाठ केला जाई. 'माझे गाव', 'माझा आवडता शिक्षक', 'गाय' असे दहा-बारा तयार परिच्छेद मार्गदर्शकांतून घोकावेत, आणि परीक्षेत त्यांपैकी एक उतरावा, ही रीत ज्यांनी पाडली त्यांनी मुलांचे गुण वाढविले असतील, पण मुलाला आपला स्वतःचा विचार दहा ओळी सांभाळून नेण्याची जी एकमेव संधी शाळेत मिळते ती त्यांनी हिरावून घेतली, असे मला स्पष्ट म्हणावेसे वाटते.

घोकलेला परिच्छेद बाजूस ठेवून या भागातील मुलगा स्वतः लिहू लागला म्हणजे त्याच्या लेखणीतून कोणत्या चुका उतरतात हे बारकाईने पाहिले, तर त्या चुकांमागे त्याची स्वतःची समृद्ध भाषा उभी असलेली दिसते. परळीच्या महाशिवरात्रीच्या यात्रेवर तो लिहीत आहे असे समजा. आम्ही पहाटे निघालो, असा भूतकाळात त्याने आरंभ केला. वैजनाथाच्या पायऱ्यांपाशी पोचताच मराठी कथनाच्या सवयीने तो वर्तमानात येतो : पाहतो तर काय, दर्शनाची रांग पार खालपर्यंत लागलेली आहे, माणसे घोळक्याने चढत आहेत, कोणी बेल विकत आहे. मराठीत हा दोष नाही, गुण आहे. ऐकणाऱ्यास प्रसंगात ओढून नेण्याची ती पिढीजात कला आहे, कीर्तनकार तिच्यावरच फड मारतो. पण शालेय इंग्रजी परिच्छेद एक काळ धरला की तो सोडू देत नाही, आणि मुलाला हा नियम कोणी सांगितलेला नसतो. सांगितलेला असतो तो बारा काळांचा तक्ता. गुरुजी आले, आजोबा बसले होते, अशा आदरार्थी अनेकवचनाने वाढलेला मुलगा इंग्रजीतही गुरुजींना अनेकवचनी करतो. त्याला एकवचन लिहिणे उद्धटपणाचे वाटते. वाक्यागणिक कर्ता उच्चारण्याची मराठीला गरज नाही, क्रियापदाच्या रूपावरून तो कळतो. म्हणून इंग्रजीतही त्याचा कर्ता मधूनच गडप होतो, किंवा 'मी'ने सुरू झालेला परिच्छेद 'आपण'वर आणि तेथून 'लोक'वर घसरतो.

आणि याउलट, जी गोष्ट पुस्तके अवघड करून सांगतात ती मराठवाड्याच्या बोलीत अगोदरच घरात असते. 'मी जेवतो' आणि 'मी जेवत आहे' यांतला फरक समजावताना ग्रांथिक मराठी पुष्कळदा तोकडी पडते, कारण बोलताना आपण 'जेवतो' हेच रूप दोन्हीकडे खपवून नेतो. पण बीडकडचे पोर 'मी जेवतो' आणि 'मी जेवायलोय' यांत कधीही गल्लत करीत नाही. पहिले नित्याचे, दुसरे आत्ता या क्षणी चाललेले. 'काय करायलास?' या प्रश्नाला उत्तर देताना इंग्रजीचा चालू वर्तमानकाळ त्याच्या जिभेवर जन्मापासून आहे. ज्या शिक्षकाने फळ्यावर 'जेवायलोय' हा शब्द लिहिण्याचा संकोच टाकला, त्याला हा धडा चार मिनिटांत शिकविता येतो. आणि ज्याने बोलीला अशुद्ध म्हणून वर्गाबाहेर उभे केले, त्याला तोच धडा शिकविण्यास चार दिवस पुरत नाहीत.

सुसंगत परिच्छेद साधतो तो लिहून, खोडून आणि पुन्हा लिहून. त्याला अखंड सराव लागतो, आणि बीड जिल्ह्यातील हजारो मुलांच्या शाळेचे वर्षच अखंड नसते. दसरा-दिवाळी उलटली की उसाच्या गळीत हंगामासाठी ऊसतोड मजुरांची बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात, नवराबायको मिळून एक कोयता होतो, आणि त्यांची लेकरेही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जातात. परत येणे उन्हाळ्याच्या तोंडाशी. पाठ्यपुस्तकाचा मधला सगळा भाग, म्हणजे वाक्य संपून परिच्छेद सुरू होतो नेमका तोच, त्यांच्या गैरहजेरीत शिकवून होतो. साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहे झाली, २०२१ पासून संत भगवानबाबांच्या नावे शासकीय वसतिगृहांची योजना आली. ज्या मुलाला आजी किंवा असे वसतिगृह लाभले त्याची वही तरी एका जागी राहिली.

या मुलांना जे एक लेखन अगदी जवळून माहीत असते ते ऊसतोडीसाठी मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या वहीतले. तिच्यात एकेका कोयत्याची एकेक ओळ : नाव, घेतलेली उचल, पडलेले खाडे, फिटलेली रक्कम, उरलेली बाकी. मोडी दफ्तराची ती शेवटची वारस म्हणावी. मात्र कलमाकलमांत पूर्वी जो कार्यकारणाचा धागा असे तो तिच्यात नाही, नुसते आकडे आहेत. इंग्रजीच्या वहीत पहिला परिच्छेद लिहावयास सांगताना गाय आणि आवडता शिक्षक दूर ठेवून, आपल्या आईबापांच्या नावाची ती एक ओळ उलगडून लिही, असे या मुलाला सांगितले पाहिजे. उचल केव्हा घेतली आणि कशासाठी, ट्रॉली गावातून कोणत्या वेळी निघाली, कोपी कोठे बांधली, थंडीत पहाटे तोडीला निघताना धाकट्या बहिणीला कोणाजवळ ठेवले, पाऊस आला तेव्हा काय भिजले, खाडा पडला तो कोणाच्या आजारपणामुळे, आणि पाडव्याला घराचे कुलूप उघडले तेव्हा आत काय होते. सगळे घडून गेलेले आहे, तेव्हा काळ एकच राहील. सगळे क्रमाने घडले, तेव्हा क्रम शोधावा लागणार नाही. आणि कर्ता आरंभापासून अखेरपर्यंत 'आम्ही' राहील.